मुंबईच्या घरात मॉडेल रेल्वे: पहिला बोर्ड कसा उभा करायचा

वन-बीएचकेत मॉडेल रेल्वे होते का, असं मला वरचेवर विचारतात. होते, आणि चांगली होते. पण परदेशातले तळघरभर पसरलेले लेआउट डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात केली, तर काम प्लायवूडच्या पुढे सरकत नाही. मुंबईत हा छंद करायचा तर एक गोष्ट पहिल्यापासून धरून चाला: सगळी रेल्वे करायची नाही. रेल्वेचा एक तुकडा घ्यायचा आणि तो मनापासून, बारकाईने करायचा. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. क्रम बदलू नका. विशेषतः पहिल्या तीन पायऱ्या होईपर्यंत पैसे खर्च करू नका.

१. आधी जागा मोजा

टेप घ्या आणि घरात तीन ठिकाणं मोजा: दिवाणाखालची पोकळी, एखाद्या भिंतीची मोकळी लांबी आणि दारामागची भिंत. मग बाहेर जाऊन लिफ्टही मोजा. प्लायचा अख्खा ८ बाय ४ फुटांचा तुकडा बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. तयार बोर्ड, म्हणजे रूळ आणि देखावा बसवलेला प्लायचा पाया, तर उभा-आडवा करून नेताच येत नाही. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर हा विचार टाळूच नका. एकही बोर्ड ४ फुटांपेक्षा लांब ठेवू नका. पुढे मोठं करायचं झालं तर दोन बोर्ड नट-बोल्टने जोडता येतात.

रुंदी ठरते हाताच्या पोचेवर. भिंतीला लागून ठेवलेल्या बोर्डवर अडीच फुटांपलीकडे हात नीट जात नाही, आणि गाडी घसरते ती हमखास पलीकडच्या कोपऱ्यात.

जागेप्रमाणे तीन पर्याय निघतात. दिवाणाखाली चाकांवर सरकणारा बोर्ड. यात डोंगर आणि इमारतींची उंची दिवाणाच्या पाटीखाली बसली पाहिजे. भिंतीला बिजागऱ्यांवर दुमडणारा बोर्ड; यात गाड्या दर वेळी उतरवाव्या लागतात आणि बाकी सगळं घट्ट चिकटलेलं लागतं. तिसरा पर्याय म्हणजे पुस्तकांच्या फळीसारखा फूटभर रुंद, पाच-सहा फूट लांब शेल्फ, अर्थात दोन तुकड्यांत. त्यावर गाडी गोल फिरत नाही, पण डबे काढणं-जोडणं, म्हणजे शंटिंग, त्यावर उत्तम होतं. बाल्कनी मात्र विसरा. पावसाची झड, ऊन आणि कबुतरं या तिन्हींपुढे काही टिकत नाही.

घरच्यांशीही याच टप्प्यावर बोला. बोर्ड कुठे राहणार, पाहुणे आले की कुठे जाणार, हे आधी ठरलं की पुढे कुरबुर होत नाही.

२. स्केल निवडा

इथे नवखे सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूशी मॉडेलचं प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. जगात सर्वाधिक चालतं ते एचओ, प्रमाण १:८७, रूळ १६.५ मिमी. त्याहून लहान एन, प्रमाण १:१६०, रूळ ९ मिमी. जपानी एनमध्ये बहुतेक गाड्या १:१५० मध्ये असतात, रूळ तेच. ब्रिटिश कंपन्यांचं ओओ १:७६ चं असतं, पण धावतं एचओच्याच १६.५ मिमी रुळांवर. म्हणून दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणतो. रूळ एकच, पण गाड्या, इमारती आणि माणसं शेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता आपल्या गाड्यांचा हिशोब करू. बारा डब्यांची लोकल साधारण २५८ मीटर लांब असते. एचओमध्ये ती जवळजवळ ३ मीटर होते, म्हणजे बऱ्याच घरांतल्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एनमध्ये तीच १.६ मीटर. आयसीएफचा एक डबा, म्हणजे आपला जुना निळा डबा, एचओमध्ये सुमारे २४५ मिमी आणि एनमध्ये १३३ मिमी भरतो. लांब डबे छान दिसायला हवे असतील तर वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीचपट ठेवा. म्हणजे एचओत ६०० मिमीच्या वर. नुसत्या वळणासाठीच चार फुटांहून अधिक रुंदी गेली. एनमध्ये ३३०च्या आसपास.

एक गोष्ट मनाशी मान्य करून टाका. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. एचओमध्ये तिचं अचूक माप १९.३ मिमी येतं, पण बाजारातले सगळे रूळ १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले, १६.५ मिमीचे. त्यामुळे भारतीय गाडीचं मॉडेल एचओच्या रुळांवर किंचित अरुंद पायांवर उभं दिसतं. जवळपास सगळे भारतीय मॉडेलर हे स्वीकारूनच पुढे जातात. तुम्हीही जा.

माझं मत विचाराल तर मुंबईत पहिला बोर्ड ९ मिमी रुळांवर करा. ४ बाय २ फुटांच्या बोर्डवर जपानच्या काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांचं २४९ मिमी त्रिज्येचं वळण नीट बसतं. २८२चं कसंबसं बसतं, पण गाडी कडेपासून सेंटिमीटरवर धावते आणि पडली की फरशीवर. ते नको. बोर्ड अडीच फूट रुंद करता आला तर ३१५ मिमीचं वळण घ्या. लांब डबेही मग शोभतात.

निवड करण्याआधी पुण्याला एक चक्कर मारा. कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. चालता लेआउट समोर बघितल्यावर माप डोक्यात बसतं. फोटोंवरून ते कळत नाही.

३. कोणता तुकडा करायचा ते ठरवा

जागा आणि स्केल ठरले, आता विषय. ‘मुंबईची लोकल’ हा विषय सगळ्यांना आवडतो, पण चार रूळ, लांब फलाट आणि ओव्हरहेड वायरचं जाळं ४ बाय २ मध्ये कोंडलं की ती लोकल वाटत नाही. लोकलच करायची तर शेल्फ घ्या आणि एका फलाटाचं एक टोक करा: पादचारी पुलाचा जिना, इंडिकेटर, मागे चाळीची भिंत.

काळही ठरवा, कारण त्यावर सामान ठरतं. आपल्याकडे पहिली विजेवरची गाडी व्हीटी ते कुर्ला ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. त्याआधीचा काळ घेतला तर वायरचे खांब करायचे नाहीत आणि इंजिनं वाफेची. नंतरचा काळ घेतला तर निदान खांब उभे करा. तारा नाही ओढल्या तरी चालतं, उलट रूळ पुसताना हात मोकळा राहतो.

नवख्यांना मी नेरळ-माथेरान सुचवतो. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी ६१० मिमी रुळांवर चालते, डबे आखूड, वळणं अगदी तंग, चढ १:२०पर्यंत. म्हणजे ज्या गोष्टी छोट्या बोर्डवर नाइलाजाने कराव्या लागतात, त्या इथे मुळातच आहेत. यासाठी एनचे ९ मिमी रूळ आणि एनचंच इंजिनाचं चॅसिस घ्यायचं, आणि त्यावर १:८७ मापाची बॉडी चढवायची. या प्रकाराला एचओई म्हणतात. मापाने काटेकोर बघाल तर ६१० मिमीचे १:८७ मध्ये ७ मिमी होतात, ९ नव्हे. पण ९ मिमीचं सामान सहज मिळतं आणि डोळ्याला ते खटकत नाही. शिवाय माणसं, झाडं, घरं एचओच्या मोठ्या मापात असल्यामुळे हाताने करणं सोपं जातं. एचओमध्ये उभा माणूस दोन सेंटिमीटरचा असतो, एनमध्ये एकच सेंटिमीटरचा. त्यात सदऱ्याचा रंग भरून बघा, फरक कळेल.

४. सामान जमवा

घरी लागणारी हत्यारं:

- २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, फ्लक्स
- मल्टिमीटर
- बारीक दातांची करवत, कटर, स्टीलची पट्टी
- स्पिरिट लेव्हल
- लहान स्क्रूड्रायव्हर संच, चिमटा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड

वायर, स्विच, कनेक्टर, १२ व्होल्टचे अॅडॉप्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. घरगुती वायरिंगचं सामान लोहार चाळीत, हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, रंग-कागद-क्राफ्टचं सामान क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत. प्लाय जवळच्या दुकानातून घ्या आणि तिथेच मापात कापून घ्या.

इंजिन, डबे आणि रूळ मात्र बहुतेक वेळा परदेशातूनच येतात. कुरिअरने मागवताना हे हाताशी ठेवा:

- केवायसीसाठी आधार किंवा पॅन
- विक्रेत्याचं इनव्हॉइस, वस्तूचं स्पष्ट वर्णन असलेलं
- पैसे भरल्याचा पुरावा
- वस्तूच्या पानाची छापील प्रत, कारण ‘हे काय आहे’ असं विचारलं जातंच

स्केल मॉडेल कस्टम्समध्ये खेळण्यांच्या गटात मोडतात. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी आणि कुरिअरचं शुल्क वेगळं. दर बदलत असतात, तेव्हा ऑर्डर टाकण्याआधी चालू दर कुरिअर कंपनीकडून विचारून घ्या आणि वस्तूची किंमत नव्हे, घरपोच किंमत धरून बजेट करा. विक्रेत्याला इनव्हॉइसवर किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल अडकलं की भाव ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी इंजिन दोन्ही दिशांना, अगदी हळू चालवून दाखवायला सांगा. जोरात कुठलंही इंजिन पळतं. रांगत्या वेगात अडखळलं तर गिअर किंवा मोटर थकलेली आहे.

दोन सापळे इथेच सांगतो. जपानच्या बाजारासाठी बनलेला कंट्रोलर, म्हणजे गाडीचा वेग आणि दिशा ठरवणारा डबा, तिथल्या १०० व्होल्टसाठी असतो, अमेरिकेचा १२० साठी. आपल्या २३० च्या सॉकेटात लावला की जळतो. मागचं लेबल वाचा. इनपुट १०० ते २४० लिहिलं नसेल तर योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. दुसरा सापळा मेर्क्लिन या जर्मन कंपनीच्या एचओचा. त्यांची पद्धत मधल्या तिसऱ्या संपर्काची आणि एसीची आहे. वस्तू देखण्या, पण साध्या दोन रुळांच्या डीसी गाड्यांबरोबर त्या चालत नाहीत. पूर्ण संच त्यांचाच घेणार असाल तरच तिकडे वळा.

५. बोर्ड बांधा

४ बाय २ साठी ९ मिमी प्लाय आणि खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी. प्लाय आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) किंवा आयएस ७१० चा मरीन घ्या. साधा कमर्शियल प्लाय पावसाळ्यात ओल धरतो, फुगतो, आणि त्यावरचे रुळांचे सांधे वरखाली होतात.

कापून आणलेल्या प्लायला वरून, खालून आणि चारही कडांना रंग किंवा वॉर्निश मारा. फक्त वरची बाजू रंगवली तर खालची बाजू हवेतली ओल शोषते आणि बोर्डला बाक येतो. चौकट सुताराकडून करून घेणार असाल तर त्याला गुण्या लावून चारही कोपरे तपासायला सांगा. पट्ट्यांना वाळवीचं औषध लावून घ्या.

६. रूळ मांडा, पण लगेच चिकटवू नका

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळी रुळांवर धरणारा थर वीज अडवतो आणि लोखंडी रुळांना मुंबईच्या हवेत गंज चढतो. स्वस्त म्हणून मिळणारे जुने संच बहुधा या दोन्हींपैकी एक असतात.

पहिली मांडणी साधी ठेवा: एक लंबगोल, आत एक पासिंग लूप (एक गाडी थांबवून दुसरी पुढे सोडायचा बाजूचा रूळ), एक साइडिंग (डबे उभे करायचा, एका टोकाला बंद फाटा). पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, तीन पुरेत. पॉइंट जितके जास्त, तितक्या गाडी घसरण्याच्या जागा. डावं वळण संपताच लगेच उजवं वळण देऊ नका. दोन्हींमध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ टाका, नाहीतर डबे एकमेकांना खेचून उतरतात.

एका रुळावरून दुसरा रूळ नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब बघा. एनमध्ये खालची गाडी मोकळी जायला साधारण ५० मिमी उंची लागते. खऱ्या भोर घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे पावणेतीन टक्के, आणि तिथेही मागून बँकर इंजिनं लावतात. बोर्डवर ३ टक्के धरला तरी ५० मिमी चढायला १.६७ मीटर लागतात, उतरायला तेवढेच. ४ बाय २ वरचा अख्खा लंबगोल तीन मीटरही भरत नाही. माथेरानचा १:२० घेतला तर चढ बसतो, पण मग इंजिनामागे दोन-तीन डब्यांपेक्षा जास्त जोडू नका. उंचीचा भास हवा असेल तर रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली-वर करा.

मांडणी झाली की सगळं मोकळंच ठेवून काही दिवस गाड्या चालवा. बोटाच्या पेराने प्रत्येक सांधा चाचपून बघा: बोटाला जिथे काठ लागतो, तिथे चाक उडी मारतं. इंजिन पुढून चालवा, डबे मागे ढकलत चालवा. ढकलताना न घसरणारा मार्ग चांगला समजा. त्यानंतरच चिकटवा. फ्लेक्सिबल, म्हणजे हवे तसे वाकवता येणारे, रूळ वापरत असाल तर खाली ३ मिमी कॉर्क घाला. आवाज प्लायमध्ये घुमत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही त्रास नाही.

७. वायरिंग

पहिल्या बोर्डला साधं डीसी घ्या. कंट्रोलर रुळांना शून्य ते १२ व्होल्ट देतो, व्होल्ट वाढले की वेग वाढतो, ध्रुव उलटले की दिशा उलटते. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची तर डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, लागतं. त्यात प्रत्येक इंजिनात डिकोडर, म्हणजे त्या इंजिनापुरते हुकूम ओळखणारं छोटं सर्किट, बसतो. ते नंतर घेता येतं, त्यासाठी बोर्ड उखडावा लागत नाही.

रुळांना एकाच जागी वीज दिली तर दूरच्या टोकाला गाडी मंदावते, कारण सांध्यासांध्यांत व्होल्ट कमी होत जातात. बोर्डखालून १.५ चौरस मिमीच्या दोन जाड तारा फिरवा, एक लाल, एक काळी, आणि दर मीटरभराने बारीक तारांनी त्या रुळांना जोडा. लाल नेहमी बाहेरच्या रुळाला. हा नियम कधीही मोडू नका.

गाडी वळून त्याच रुळावर उलट येईल असा लूप काढला की एक रूळ दुसऱ्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. कागदावर दोन रंगांनी दोन्ही रूळ गिरवून बघा. लाल काळ्याला मिळाला तर तिथे वेगळं वायरिंग लागतं. पहिल्या बोर्डवर असा लूप टाळाच.

२३० व्होल्टची कुठलीही उघडी जोडणी बोर्डखाली नको. भिंतीत फक्त बंद अॅडॉप्टर, बोर्डवर फक्त १२ व्होल्ट.

८. डोंगर, झाडं, घरं

इथे आपल्याकडच्या वस्तू परदेशी डब्यांपेक्षा सरस ठरतात. डोंगराचा सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून करा आणि त्यावर केमिस्टकडे मिळणारं प्लास्टर बँडेज पाण्यात बुडवून पसरा. अर्ध्या तासात कडक होतं, कचरा होत नाही, वजन हलकं.

सह्याद्रीचा दगड काळा बेसॉल्ट, थरांवर थर बसलेला. परदेशी व्हिडिओत दाखवतात तसा करडा-पिवळा कडा माथेरानला शोभत नाही. काळपट तपकिरी रंग द्या, आडव्या भेगा कोरा, आणि मधल्या पायऱ्यांवर गवत बसवा. माती तांबडी, लॅटेराइटची: विटेची भुकटी बारीक चाळून वापरा. ऋतूही ठरवा. ऑगस्टमधला घाट हिरवागार, मेमधला पिवळा. अर्धा-अर्धा केलात की काहीच खरं वाटत नाही.

खडीसाठी वाळू बारीक चाळा, धुवा, पूर्ण वाळवा. गिरगाव किंवा जुहूची वाळू आणू नका. तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रूळ खातं. वाळू ब्रशने स्लीपरमध्ये पसरा, अल्कोहोल फवारा, मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलत्या पात्यांपाशी एक थेंबही जाता कामा नये. तिथे वाळू कोरडीच, अगदी थोडी.

बोगदा केला तर मागून हात घालायला झडप ठेवा. बोर्डच्या पाठच्या कडेला अख्ख्या इमारती नकोत. दोन-तीन सेंटिमीटर खोलीचे दर्शनी भाग पुरे. फोटो प्रमाणात छापून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि गॅलरीचा कठडा वेगळा कापून पुढे लावला की सावली पडते आणि चाळ खरी वाटते. तीन मजली चाळ एचओमध्ये बारा सेंटिमीटरच्या आसपास येते.

९. पावसाळा आणि रोजची निगा

बोर्ड नेहमी झाकून ठेवा. जुनी सुती चादर चालते, प्लास्टिकचा कागद नको, खाली ओल साचते. शेजारी टॉवरचं बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ बारीक असते आणि गिअरमध्ये जाते. चालवण्याआधी रूळ अल्कोहोलच्या कापडाने पुसा. सॅन्डपेपर कधीही वापरू नका. त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण अधिकच धरते.

जून ते सप्टेंबर इंजिनं बोर्डवर न ठेवता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक इंजिन दहा मिनिटं चालवा. तेल सुईच्या टोकावर मावेल इतकंच, तेही प्लास्टिकला चालणारं. शिलाई मशीनचं तेल सगळ्या प्लास्टिकला मानवत नाही. भुश्याची किंवा कागदाच्या लगद्याची झाडं असतील तर बुरशी येते का ते बघत राहा. आली की ते झाड लगेच काढा, कारण ती शेजारच्या गवतावर पसरते.

पावसाळ्यात नवं चिकटकाम हाती घेऊ नका. फेव्हिकॉल वाळायला वेळ लागतो आणि प्लास्टर ओलं राहतं. ते महिने इमारती कापण्यात, माणसं रंगवण्यात आणि वेळापत्रक बनवण्यात घाला: कोणती गाडी कधी सुटणार, पासिंग लूपमध्ये कोण थांबणार, साइडिंगमधला डबा कोण उचलणार. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की दुसऱ्या बोर्डचा प्लाय कापायला द्या. पहिल्याला जोडायची बोल्टची भोकं मात्र दोन्ही चौकटी एकत्र धरूनच पाडा.